पाणी कुठे मुरतं

एरी, पेनसिल्व्हेनिया. सरोवरावरून आलेला बर्फ
रात्रीत दारातली गाडी गिळून बसलाय.
पूर्वी अशा दिवशीसुद्धा ड्युटी चुकायची नाही.
आता ड्युटीच स्वयंपाकघरातल्या टेबलावर येते:
दोन खोकी, अकराशे चाळीस पानं,
वर वकील ओलेशाकची पिवळी चिठ्ठी,
सुनीती, यात काही आहे का बघ.

अठ्ठावीस वर्षं वॉर्डात काढली.
आधी मणक्याने राजीनामा दिला, मग मी.
या कामाच्या कोर्सला पहिल्याच दिवशी बाईंनी कागद वाटले,
तुमची बलस्थानं लिहा.
मी कोरा परत केला.
काय लिहिणार?
की पडद्यापलीकडच्या श्वासावरून कळतं
कोण झोपलंय आणि कोण सोंग घेतंय?
की डॉक्टरांची अक्षरं लावत लावत
मिरजेहून इथवर आले?

पान चारशे सहा.
लूथर बीमिस, वय एकाहत्तर, खुब्याचं ऑपरेशन.
आत गेलं चोवीसशे मिली, बाहेर आलं एकशे नव्वद.
आमच्या मेट्रन म्हणायच्या,
पोरी, पाणी कुठे मुरतंय ते बघ.
त्यांच्या तोंडी ती म्हण नव्हती.
त्या रोग्याच्या घोट्यावर अंगठा दाबायच्या
आणि खळगा भरून यायची वाट बघायच्या,
घड्याळ न बघता.

पहाटे चार बारा: पेशंट उशी मागतो.
चार एकेचाळीस: आणखी एक उशी.
पाच तीन: पुन्हा.
ओलेशाकने या ओळी ओलांडल्या होत्या.
उशीत कसला पुरावा?
मी फोनवर सांगितलं,
फुप्फुसात पाणी भरलेला माणूस
आडवा झाला की बुडतो,
कोरड्या चादरीवर, दिव्याखाली.
म्हणून तो उशा मागतो.
पलीकडे बराच वेळ काही नाही.
मग, हे ज्युरीला असंच सांगशील?

आणि नाडी.
दोन वाजता शहात्तर, तीनला शहात्तर,
चारला शहात्तर, पाचला शहात्तर.
बुडणाऱ्याची नाडी अशी शिस्तीत चालत नाही.
कॉम्प्युटरची आतली नोंद मागवली:
चारही आकडे पाच बावन्नला भरलेले,
चाळीस सेकंदांत.
सापडली, ओलेशाक ओरडला.
डॅनिएल प्रूट, वय चोवीस,
नोकरीचा सातवा महिना.

मी म्हटलं, थांब. त्या रात्रीचा ड्युटीचा तक्ता मागव.
तो म्हणाला, कशाला? आपल्याला मिळालं की.
मी म्हटलं, मागव.
आला महिन्याभराने, न्यायाधीशांनी दटावल्यावर:
नऊ पेशंट, एक नर्स,
मदतनीस दुसऱ्या मजल्यावर धाडलेली.
सही मॅनेजरची.

जबानीच्या खोलीत पाण्याचे जग, टिश्यूचा डबा.
हॉस्पिटलचा वकील सभ्य, निळा टाय.
मिसेस वाघचौरे, तुम्ही स्वतः कधी
न मोजता आकडे भरलेत?
टाइप करणाऱ्या बाईची बोटं हवेत थांबली.
ओलेशाकने माझ्याकडे बघितलं नाही.

खाट चौदा. मार्च महिना. पिट्सबर्ग.
त्या रात्री शेजारच्या खोलीत एक जण जात होता
आणि मी त्याचा हात धरून होते.
खाट चौदा वाचली. ते माझं कर्तृत्व नव्हे.

हो, मी म्हटलं. एकदा.
बोटं खाली आली.

नंतर कॉरिडॉरमध्ये बीमिसची मुलगी,
अंगात कोट, हातात दुसऱ्या कुणाचे तरी हातमोजे.
तिने रकमेचं विचारलं नाही.
उशा मागितल्या म्हणता,
मिळाल्या का त्यांना?

मिळाल्या, मी म्हटलं. तिन्ही वेळा.
त्या नोंदी मात्र त्या त्या मिनिटाच्या आहेत.